तळहाताआडची ज्योत

फ्रान्सच्या पश्चिमेस ब्रिटनी प्रांतात रेन नावाचे शहर असून तेथील चित्रसंग्रहालयात सुमारे अडीच फूट उंचीचे आणि तीन फूट रुंदीचे एक तैलचित्र आहे. दोन स्त्रिया आणि एक तान्हे मूल यांखेरीज त्या चित्रात काहीही नाही. भिंत नाही, खिडकी नाही, पाळणा, पलंग, चूल, भांडीकुंडी यांपैकी एकही वस्तू चित्रकाराने दाखविलेली नाही. उजवीकडे तांबड्या वस्त्रातील एक तरुण माता हातांतील बाळाकडे मान लववून पाहत आहे. डावीकडील स्त्री आपल्याला एका बाजूनेच दिसते. तिच्या एका हातात मेणबत्ती आहे आणि दुसरा हात तिने असा उभा धरला आहे की ज्योत पाहणाऱ्याच्या दृष्टीआड व्हावी आणि तिचा सारा उजेड बाळाच्या मुखावर पडावा. ते बाळ कापडाच्या पट्ट्यांनी घट्ट गुंडाळलेले आहे, त्याचे ओठ किंचित विलग झालेले आहेत, नाकाचा शेंडा चकाकतो आहे, आणि नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या चर्येवर जो एक श्रांत, जुनाट, या जगाशी अद्याप ओळख न झाल्याचा भाव असतो तो तेथे इतक्या यथार्थपणे उतरला आहे की बाळंतिणीच्या खोलीत जो कोणी क्षणभर जरी डोकावून आलेला असेल त्यास तो तत्काळ ओळखू यावा.

या चित्राचे नाव ‘नवजात’, आणि ते झॉर्ज द ला तूर या लोरेन मुलखातील चित्रकाराने सतराव्या शतकाच्या पाचव्या दशकात काढले असे मानतात. हे मूल म्हणजे बालख्रिस्त आणि त्या दोन स्त्रिया म्हणजे मेरी आणि तिची माता अ‍ॅन, की हा कोणा साध्या गृहस्थाच्या घरचा प्रसंग, याविषयी पुष्कळ चर्चा झालेली आहे. परंतु चित्रकाराने मातेच्या मस्तकामागे प्रभावलय काढलेले नाही, देवदूत आणलेले नाहीत, आकाशातून किरण सोडलेले नाहीत. त्याने एक मेणबत्ती लावली आणि तीही हाताआड केली. माझ्या मते युरोपातील दीपप्रकाशाच्या चित्रपरंपरेचा सारा अर्थ ज्योतीआड धरलेल्या त्या हातात आहे, आणि तो नीट कळावयास ही परंपरा कोठून आली, तिच्यात कोणी काय केले, आणि मुळात त्या काळी मेणबत्ती ही वस्तू कशी होती, हे आधी पाहिले पाहिजे.

विजेच्या दिव्याखाली वाढलेल्या आपल्या पिढ्यांना सतराव्या शतकातील अंधाराची कल्पना सहसा येत नाही. त्या काळी युरोपात मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या होत्या, त्या स्वच्छ जळत आणि त्यांना सुवासही असे. परंतु त्या इतक्या महाग पडत की चर्च, राजदरबार आणि धनिकांचे वाडे येथेच प्रामुख्याने त्यांचा वापर होई. सामान्य घरांत जळे ती गुराढोरांच्या आणि मेंढ्यांच्या चरबीची मेणबत्ती. तिला उग्र दर्प असे, ती धूर सोडी, उन्हाळ्यात मऊ पडे, आणि तिची वात आजच्यासारखी वाकून आपोआप जळून जात नसल्यामुळे जळके टोक लांबत जाऊन ज्योत काजळू लागे. म्हणून थोड्याथोड्या वेळाने कोणालातरी उठून खास कात्रीने वात कापावी लागे. जळता जळता स्वतःच वाकणारी विणीची वात आणि चरबीपासून काढलेल्या शुद्ध स्टेअरिनची कडक मेणबत्ती या दोन्ही गोष्टी १८२० नंतरच्या आहेत. अर्थात सतराव्या शतकातील चित्रात मेणबत्ती दिसते तेव्हा तेथे कोणाचे तरी सतत लक्ष असलेली, पैसा जाळणारी, मोजून वापरावयाची अशी एक वस्तू जळत आहे, हे ध्यानात ठेवून ते चित्र पाहावे. रात्री घरातील माणसे एका मेजाभोवती जमत त्याचे एक कारण जिव्हाळा हे असेल. दुसरे कारण असे की उजेड तेवढाच होता.

प्रकाशाचा एक साधा नियम आहे. दिव्यापासून एक फूट अंतरावर जितका उजेड पडतो त्याचा चौथा हिस्सा दोन फुटांवर पडतो आणि तीन फुटांवर नववा हिस्साच उरतो. सूर्यप्रकाशात अंगणातील सर्व वस्तू सारख्याच उजळतात, कारण सूर्य सर्वांपासून सारखाच दूर आहे. परंतु मेणबत्तीजवळ बसलेल्या माणसाचा हात लखलखीत, खांदा मंद आणि पाठ काळोखात, असे होते. एकाच देहावर मध्यान्ह, संध्याकाळ आणि मध्यरात्र एकदम नांदतात. शिवाय ज्योतीच्या प्रकाशात निळा भाग फार थोडा असतो. म्हणून दिवसा शोभून दिसणारे निळे वस्त्र रात्री मेणबत्तीपाशी काळपट पडते, आणि तांबडे, पिवळे, नारिंगी हे रंग मात्र फुलून येतात. या चित्रकारांच्या रंगपेटीत हिंगूळ, गेरू, पिवळी माती, शिसे व कथील यांपासून केलेला पिवळा रंग, शिशाचा सफेता आणि हाडे जाळून केलेला काळा रंग यांनाच का मान मिळाला, हे यावरून उमजेल. ‘नवजात’मधील मातेचे वस्त्र तांबडे असण्यास धार्मिक संकेत कारण असोत वा नसोत, त्या प्रकाशात तांबड्याइतके दुसरे काहीच बोलले नसते.

यापुढे खरी अडचण येते. प्रत्यक्ष ज्योत आणि तिच्या उजेडात दिसणारी भिंत यांच्या तेजात जो विलक्षण फरक असतो तो रंगांच्या साहाय्याने दाखविणे अशक्य आहे, कारण चित्रातील अत्यंत शुभ्र ठिपकासुद्धा स्वतः प्रकाशमान नसतो. खोलीतला उजेड परावर्तित करण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. तेव्हा ज्योत खरी वाटावी अशी इच्छा असेल तर चित्रकारापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर उरलेले सारे चित्र अंधारात लोटावे, म्हणजे तेवढा एक ठिपका तुलनेने झळाळेल. नाहीतर ज्योतच लपवावी आणि तिचा परिणाम तेवढा दाखवावा, म्हणजे प्रेक्षकाचे मन न दिसणाऱ्या ज्योतीला हवे तितके तेज आपण होऊन देईल. लिओनार्दो दा विंची याने आपल्या टिपणवह्यांत रात्रीचे दृश्य काढणाऱ्यास उपदेश करून ठेवला आहे: मोठी आग दाखवावी, तिच्या जवळच्या वस्तूंवर तिचाच रंग चढवावा, आणि आपल्या व आगीच्या मध्ये येणाऱ्या आकृती काळ्या ठेवाव्यात. पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत या उपदेशातील शेवटच्या कलमाचा चित्रकारांनी फारच कसून उपयोग केला.

या परंपरेचा उगम काराव्हाज्जोपाशी सांगण्याची प्रथा आहे आणि ती बरोबरही आहे, मात्र एक दुरुस्ती तिला जोडली पाहिजे. रोममध्ये १६०० च्या सुमारास त्याने गडद अंधारातून मानवी देह उजळून काढण्याची जी रीत प्रचारात आणली तिने युरोपचे डोळे दिपले. परंतु त्याच्या चित्रांतील प्रकाश बहुधा चौकटीबाहेरून, उंचावरून, कोठून येतो ते न सांगता येतो. डब्लिन येथील ‘ख्रिस्ताची धरपकड’ या चित्रात कंदील आहे, नेपल्समधील ‘सात दयाकर्मे’ या चित्रात मशाल आहे. पण दिवाच चित्राचा मध्यबिंदू करून त्याभोवती माणसे बसविणे हा त्याचा छंद नव्हता. ते काम त्याच्या मागून रोममध्ये आलेल्या उत्तरेकडील तरुणांनी केले, आणि त्यांत अग्रगण्य होता उट्रेख्टचा खेरित व्हान हाँटहॉर्स्ट. रोममध्ये त्याला मार्किस जुस्तिनियानीसारखा श्रीमंत व रसिक आश्रयदाता लाभला. त्याच्याचसाठी १६१७ च्या सुमारास त्याने काढलेले ‘महापुरोहितापुढे ख्रिस्त’ हे जवळजवळ नऊ फूट उंचीचे चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मेजावर एकच मेणबत्ती. एका बाजूस बोट उगारून बसलेला न्यायाधीश, दुसऱ्या बाजूस हात बांधलेला, उभा, शांत आरोपी. आणि दोघांच्या मधून जळणारी ती ज्योत जणू एकटीच साक्षीदार. इटालियन लोकांनी त्याचे नावच ‘रात्रींचा गेरार्दो’ असे पाडले.

हाँटहॉर्स्ट १६२० मध्ये मायदेशी परतला आणि तेथे त्याला निराळे जग भेटले. प्रॉटेस्टंट पंथाच्या अमलाखालील हॉलंडमध्ये चर्चकडून वेदीवरील चित्रांची मागणी राहिली नव्हती. चित्रे विकत घेणारा वर्ग व्यापारी, दुकानदार, दारू गाळणारे, कापडवाले अशा नागरिकांचा होता, आणि त्यांना घराच्या भिंतीवर लावण्याजोगी, आपल्याच भोवतालच्या जीवनाची चित्रे हवी असत. रोममध्ये ख्रिस्ताच्या मुखावर पडलेला तोच दीपप्रकाश मग वादक, जुगारी, मद्यपी आणि दात उपटणारे वैदू यांच्यावर पडू लागला. हाँटहॉर्स्टच्या १६२५ मधील ‘कुंटीण’ या चित्रात उरोभाग उघडा टाकलेली एक हसतमुख तरुणी हातात वीणेसारखे वाद्य घेऊन बसली आहे, पाठमोरा गिऱ्हाईक मेजावर झुकला आहे, आणि मेणबत्ती त्याच्याच हाताआड दडल्यामुळे तो नुसता काळा आकार उरला आहे. युक्ती तीच, हाताआडची ज्योत. पण येथे तिचे काम पाहणाऱ्याला चकित करणे एवढेच आहे, आणि ती ते काम चोख बजावते. पुढे हाँटहॉर्स्ट राजेरजवाड्यांच्या तसबिरी काढण्यात गुंतला आणि रात्री त्याने सोडून दिल्या.

त्याच विषयावर सहा वर्षांनी हार्लेममधील एका तरुणीने जे चित्र काढले ते मला हाँटहॉर्स्टच्या चित्राहून कितीतरी मोलाचे वाटते. तिचे नाव युडिथ लायस्टर. तिचा बाप्तिस्मा १६०९ मधला, म्हणजे १६३१ साली ती बावीस वर्षांच्या आसपास असेल. चित्र आकाराने लहान, जेमतेम एक फूट उंचीचे, लाकडी फळीवर काढलेले. सध्या ते हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. रात्रीची वेळ, मेजावर तेलाचा दिवा, आणि त्याच्या उजेडात पांढऱ्या कापडावर शिवण घेऊन बसलेली एक स्त्री. तिचे अंग गळ्यापर्यंत झाकलेले आहे. थंडी असल्यामुळे पायांखाली निखाऱ्यांची लाकडी शेगडी ठेवली आहे आणि झग्याच्या काठाखालून ते निखारे लालसर दिसतात. तिच्या पाठीशी केसाळ टोपी घातलेला एक पुरुष येऊन वाकला आहे. त्याचा एक हात तिच्या खांद्यावर आहे आणि दुसऱ्या हाताचा तळवा उघडून तो त्यातील नाणी तिला दाखवितो आहे. भिंतीवर त्याची सावली मोठी होऊन पडली आहे.

ती वर पाहत नाही. चित्राचा सारा प्रसंग एवढाच आहे. या विषयावरील तत्कालीन बहुतेक चित्रांत स्त्री हसते, प्याला उचलते, मोलभाव करते, आणि जवळच एखादी म्हातारी कुंटीण डोळे मिचकावीत असते. लायस्टरने म्हातारी काढून टाकली, वाद्ये काढून टाकली, मद्य काढून टाकले, आणि स्त्रीच्या हातांत सुई दिली. काही अभ्यासकांच्या मते हा पुरुष दुराचारी नसून विवाहाची मागणी घालणारा आहे, आणि तसेही असू शकेल. पण त्याने विचारलेल्या प्रश्नाला तिचे उत्तर काय आहे हे सांगावयास दिवा पुरेसा आहे. शुभ्र कापडावर, तिच्या बोटांवर आणि खाली घातलेल्या डोळ्यांच्या पापण्यांवर जेथे उजेड सर्वाधिक आहे तेथेच तिचे चित्त आहे. घरात तेल जळते आहे ते शिवण पुरी व्हावी म्हणून, आणि तो त्या उजेडात आगंतुक आहे. दीपप्रकाशाचा असा न्याय्य उपयोग मी दुसऱ्या डच चित्रात पाहिलेला नाही.

लायस्टरचे नशीब मात्र विचित्र. हार्लेमच्या चित्रकारसंघात तिला १६३३ मध्ये रीतसर प्रवेश मिळाला. त्या काळी स्त्रीला ते सुलभ नव्हते. तिच्याकडे शिष्य होते आणि त्यांतील एक तिला सोडून विख्यात फ्रान्स हल्सकडे गेला तेव्हा तिने संघापुढे तक्रार दाखल करून आपला हक्क मागितला. १६३६ मध्ये तिने यान मिन्से मोलेनार या चित्रकाराशी विवाह केला आणि त्यानंतरची तिची चित्रे फारच थोडी आढळतात. १६६० मध्ये तिचे निधन झाले, आणि मग तिचे नाव इतके पुसले गेले की तिची चित्रे हल्सची म्हणून विकली जाऊ लागली. आद्याक्षरांना जोडून एक छोटा तारा काढण्याची तिची सहीची पद्धत होती. १८९३ मध्ये होफस्टेड द खरोट या डच पंडिताने त्या सहीची ओळख पटविली तेव्हा कोठे ती परत उजेडात आली.

हॉलंडमधील लायडन शहरात रेम्ब्रांटचा पहिला शिष्य खेरित दाऊ याने हीच कला सूक्ष्मतेच्या टोकाला नेली. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममधील त्याच्या ‘रात्रशाळा’ या चित्रात मेणबत्त्या, कंदील अशी निरनिराळी दीपस्थाने आहेत आणि प्रत्येकाच्या उजेडाची जात त्याने निरनिराळी दाखविली आहे. त्याचा शिष्य गॉडफ्रीड स्काल्केन हा तर मेणबत्तीचाच चित्रकार म्हणून ओळखला जातो. त्याच्याविषयी अशी एक हकिकत सांगतात की तो नमुन्याला मेणबत्तीसह अंधाऱ्या खोलीत बसवी, आणि स्वतः शेजारच्या उजेडाच्या खोलीतून लहानशा छिद्रातून आत पाहून चित्र काढी. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तीत एक व्यावहारिक सत्य आहे: मेणबत्तीच्या उजेडात बसून मेणबत्तीच्या उजेडाचे चित्र रंगविता येत नाही, कारण त्या उजेडात रंगपेटीवरील पिवळा आणि पांढरा यांतील भेदसुद्धा धड कळत नाही. रात्री पाहून ठेवावयाचे आणि दिवसा रंगवावयाचे, म्हणजे स्मरणावर भिस्त ठेवावयाची, हे या चित्रप्रकाराचे मूलभूत बंधन होते. दाऊ आणि स्काल्केन यांच्या कौशल्यापुढे मान लववावीच लागते, पण त्यांची चित्रे पाहून झाल्यावर मनात कौशल्यच उरते.

आता लोरेनकडे वळू. फ्रान्स आणि जर्मन साम्राज्य यांच्या मध्ये असलेली ही डची त्या काळी स्वतंत्र होती आणि या स्वातंत्र्याची किंमत तिने जबर मोजली. व्हिक-स्यूर-सेय या गावी एका पाववाल्याच्या घरी १५९३ मध्ये ला तूरचा जन्म झाला. १६१७ मध्ये त्याने आपल्याहून वरच्या घराण्यातील दियान ल नेर्फ हिच्याशी विवाह केला, आणि १६२० मध्ये तिच्या गावी, ल्युनेव्हिलला, बिऱ्हाड हलविताना ड्यूककडे अर्ज करून करमाफीची सनद मिळविली. त्याच्याविषयी जी काही माहिती आहे ती अशीच सरकारी दफ्तरांतून आली आहे. त्याने लिहिलेली आत्मकथा नाही, कलेविषयीचे विचार नाहीत. तीस वर्षे चाललेल्या युद्धात लोरेनमधून फ्रेंच, स्वीडिश, जर्मन अशा फौजा आळीपाळीने गेल्या, मागोमाग प्लेग आला, दुष्काळ आला. त्याच मुलखातील नान्सीचा झाक कालो याने १६३३ मध्ये आपल्या कोरीव मुद्राचित्रांत लुटालूट, जाळपोळ आणि झाडाला लटकविलेली माणसे दाखविली. ल्युनेव्हिल १६३८ मध्ये जळाले. पुढच्याच वर्षी ला तूर पॅरिसला असल्याचे आणि त्याला ‘राजाचा चित्रकार’ हा किताब असल्याचे कागदोपत्री दिसते. अठराव्या शतकातील लोरेनचा इतिहासकार दों काल्मे लिहितो की त्याने तेराव्या लुईस रात्रीच्या दृश्यातील संत सेबास्टियनचे एक चित्र नजर केले आणि ते राजाच्या इतके मनास आले की त्याने आपल्या दालनातून बाकी सर्व चित्रे काढावयास लावली.

त्याच दफ्तरांत ला तूरचे दुसरेही रूप आहे आणि ते लपविण्यात अर्थ नाही. ल्युनेव्हिलच्या रहिवाशांनी १६४६ मध्ये ड्यूककडे केलेल्या अर्जात असे गाऱ्हाणे आहे की हा चित्रकार जणू गावचा जहागीरदार असल्याप्रमाणे शिकारी कुत्र्यांचा तांडा बाळगतो, उभ्या पिकातून सशांचा पाठलाग करतो आणि लोकांना नकोसा झाला आहे. करमाफीचा हक्क सांगून तो पट्टी भरावयास नकार देत असल्याचेही उल्लेख आहेत. त्याच काळात फ्रेंच गव्हर्नर ला फेर्ते याची मर्जी राखण्यासाठी नगराच्या वतीने त्याला ला तूरची चित्रे नजराणा म्हणून दिली जात. म्हणजे ज्या नागरिकांची पिके तुडविली गेली त्यांच्याच पैशाने ती चित्रे विकत घेतली जात होती. या माणसाचा आणि ‘नवजात’च्या चित्रकाराचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न वाचकांना पडतो आणि तो रास्त आहे. माझ्या दृष्टीने मेळ घालण्याची आवश्यकता नाही. त्याला दहा मुले झाली, त्यांतील तीनच त्याच्या पश्चात हयात राहिली. घरात तान्ह्या मुलाजवळ दिवा धरून बसणे म्हणजे काय हे ठाऊक असण्यासाठी माणूस शेजाऱ्यांशी गोड असावा लागतो असे नाही.

पॅरिसच्या लूव्हरमधील त्याचे ‘सुतार जोसेफ’ हे चित्र १६४२ च्या सुमाराचे मानतात. साडेचार फूट उंचीच्या त्या चित्रात दाढीवाला, कपाळावर आठ्यांचे जाळे असलेला वृद्ध जोसेफ वाकून जमिनीवरील तुळईला हातगिरमिटाने भोक पाडीत आहे, आणि समोर बसलेला बालक येशू त्याच्यासाठी मेणबत्ती धरून आहे. लोकांची दृष्टी प्रथम मुलाच्या चेहऱ्याकडे जाते, कारण तो चेहरा स्वतःच दिव्यासारखा उजळला आहे. पण मी वाचकास सुचवीन की त्याने मुलाचा डावा हात पाहावा. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून मुलाने बोटे ज्योतीपुढे धरली आहेत आणि उजेड त्या कोवळ्या बोटांतून आरपार आला आहे. बोटांच्या कडा पारदर्शक तांबूस झाल्या आहेत, आत रक्त आहे हे कळते, आणि नखांखालचा मळसुद्धा दिसतो. त्या काळी लोरेनमध्ये कॅथलिक धर्मभक्तीची नवी लाट होती, संत जोसेफची उपासना वाढत होती, आणि त्या तुळईत भाविक प्रेक्षकाला पुढचा क्रूस दिसल्यावाचून राहत नसे. तरीही चित्रकाराने दाखविले आहे ते असे की वडील रात्री जागून काम करीत आहेत आणि मूल दिवा धरून बसले आहे. कष्टकरी कुटुंबांत सर्वत्र हेच घडत आले आहे. प्रभावलयाचे काम त्याने हाताच्या बोटांकडे सोपविले.

हीच गोष्ट त्याने एका अत्यंत साध्या चित्रात केली आहे आणि ते मला ‘जोसेफ’इतकेच थोर वाटते. नान्सीच्या लोरेन संग्रहालयातील या चित्रात सदरा उघडा पडलेली, स्थूल अंगाची एक स्त्री खाली बसून दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये पिसू चिरडीत आहे. शेजारी तांबड्या खुर्चीवर मेणबत्ती जळते आहे. रात्रीच्या एकांतात माणसाने करावयाची ही एक क्षुल्लक, किंचित लाजिरवाणी क्रिया. हाँटहॉर्स्टने तिच्यावर हशा पिकविला असता. ला तूरने त्या स्त्रीला, आपल्या संत मॅग्दालीनच्या चित्रांत त्या संत स्त्रीला दिले तितकेच मौन आणि तितकाच उजेड दिला आहे. त्याच्या उत्तरकालीन चित्रांत देह साधे होत जातात, कपड्यांच्या चुण्या कमी होतात, चेहरे अंडाकृती घडीव दगडासारखे गुळगुळीत होतात. दाऊने ज्या ठिकाणी दहा वस्तू मांडल्या असत्या त्या ठिकाणी हा नऊ काढून टाकतो. एका मेणबत्तीने जेवढे दिसते तेवढेच दाखवावे, ही मर्यादा इतर चित्रकारांनी सोसली. ला तूरने ती पत्करली.

एक प्रतिध्वनी आपल्या घरचाही आहे. सावंतवाडीचे सुपुत्र आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या परंपरेतील थोर जलरंगचित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या कन्येस समोर उभे करून हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जे चित्र रंगविले ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, आणि कित्येक लोक ते राजा रविवर्म्याचे समजून पाहतात. तेथेही स्त्रीचा एक हात ज्योतीपुढे आहे, बोटांतून उजेड झिरपतो आहे, आणि चेहरा खालून उजळला आहे. हे कार्य जलरंगांत साधणे तैलरंगांहून अवघड, कारण जलरंगात शुभ्र म्हणून कागदच राखून ठेवावा लागतो आणि एकदा काळोख चढविला की मागे फिरता येत नाही. मी येथे कोणी कोणाचे अनुकरण केले असे सुचवीत नाही. वाऱ्यापासून दिवा जपणारा हात कोकणातही तसाच उभा राहतो, आणि न दाखविता येणारे तेज दाखविण्याचा पेच दोन्ही चित्रकारांपुढे एकच होता.

ला तूरची पत्नी आणि तो स्वतः जानेवारी १६५२ मध्ये ल्युनेव्हिलच्या साथीत पंधरवड्याच्या अंतराने मरण पावली. त्यानंतर अडीच शतकांहून अधिक काळ त्याचे नाव जवळजवळ कोणास ठाऊक नव्हते. रात्रीची चित्रे इतरांच्या नावावर वाटली गेली आणि ‘नवजात’ही ल नॅन या चित्रकार बंधूंच्या खाती जमा झाले. हेर्मान फॉस या जर्मन कलेतिहासकाराने १९१५ मध्ये नांत शहरातील सही असलेल्या चित्रांशी रेनच्या चित्राची तुलना करून एक छोटा लेख प्रसिद्ध केला, आणि महायुद्ध ऐन भरात असताना, शत्रुराष्ट्रातील विद्वानाच्या लेखणीने, फ्रान्सला आपला एक महान चित्रकार परत मिळाला. १९३४ मध्ये पॅरिसच्या ऑरांझरीत सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तववादी चित्रकारांचे प्रदर्शन भरले तेव्हा सामान्य लोकांनी त्याला प्रथमच एकत्र पाहिले. आज त्याच्या हातची म्हणून मान्य झालेली चित्रे चाळीसच्या आसपास आहेत, आणि ज्या व्हिक-स्यूर-सेय गावी पाववाल्याच्या घरी तो जन्मला तेथे २००३ पासून त्याच्या नावाचे संग्रहालय आहे.